उंबऱ्यावरचं सॉरी

पाहुणा दारात आला की आधी त्याला पाय धुवायला पाणी द्यावे, बसायला पाट द्यावा, आणि मग हळूच विचारावे, बाबा रे, गाव कोणते, कूळ कोणते, इकडे येणे कसे केले? माणसांच्या बाबतीत आपली ही रीत. शब्दांच्या बाबतीत मात्र आपले दार सताड उघडे. सातासमुद्रांपलीकडून एक शब्द येतो, चपला घालून थेट स्वयंपाकघरात शिरतो, आपल्या ताटावर बसतो, आणि तू कोणाचा कोण, एवढेही त्याला कोणी विचारीत नाही. असाच एक शब्द सॉरी. धारच्या बाजारात स्कूटरचा धक्का देणारा पोरगा माळवी ढंगात ‘सॉरी भिया’ म्हणतो आणि मागे वळूनही पाहत नाही. दुकानदार सुटे पैसे नाहीत म्हणून सॉरी, डॉक्टर रोगी गेला म्हणून सॉरी. एकाच भांड्यात पाणीही तेच, तीर्थही तेच.

आणि हा शब्द ज्यांच्या जिभेवर सर्वांत अधिक नांदला ते म्हणजे उमाशंकर पोतनीस. पणजोबा धार दरबारच्या कचेरीत पोतनीस, म्हणजे खजिनदार, होते. घराण्याला आडनावाखेरीज त्यातले काही उरले नव्हते. उमाशंकर इंग्रजीचे मास्तर झाले. उमेदीची वर्षे सरदारपूरच्या शाळेत गेली, नंतर धारमध्ये. निवृत्त झाल्यावरही जवळच्या तिरला गावची मुले सायकली मारीत त्यांच्याकडे शिकवणीला येत. माणूस इतका सौम्य, की वाटेत गाय आडवी आली तरी ‘सॉरी’ म्हणून बाजूने जायचा. मुलांनी नावच ठेवले होते, सॉरी सर. ते त्यांच्या कानावर होते, आणि खरे सांगायचे तर ते त्यांना आवडत असे. आपल्या तोंडून कोणाला कधी कडू शब्द गेला नाही, याचा त्यांना अभिमान होता. पहाटे स्नान, सोवळे, देवपूजा. पूजा सरताना हात जोडून क्षमाप्रार्थना. देवा, मला आवाहन ठाऊक नाही, पूजा ठाऊक नाही, चुकले असेल ते पदरात घे. न केलेल्या चुकांची क्षमा ते देवाजवळ रोज मागत. केलेल्या चुकीची कहाणी वेगळी आहे. तीच आता ऐकायची.

श्रावण सरत आला होता. शेजारच्या उमाबाईंची नात ईशानी, नववीतली, दप्तर घेऊन ओसरीवर आली. शाळा हिंदी-इंग्रजीची, मराठी घरापुरती. पण जीभ चुरचुरीत.

“सर-आजोबा, मॅमनी प्रोजेक्ट दिलंय. इंग्लिशचा एक कॉमन वर्ड घ्यायचा. त्याचा मीनिंग, तो आला कुठून, आणि वापर कुठेकुठे. मी सॉरी घेतला.”

“का गं, तोच का?”

“तुमचा आहे ना! एक्सपर्ट घरच्या बाजूला असताना गूगल कशाला?”

मास्तर प्रसन्न झाले. “लिही. सॉरी हा शब्द सॉरो, म्हणजे दुःख, त्यापासून आला.” चाळीस वर्षे फळ्यावर त्यांनी हेच लिहिले होते. पण पोरीपुढे जरा थाट करावा म्हणून त्यांनी कपाटातला जाडजूड शब्दकोश उतरवला, धूळ झटकली आणि बोट फिरवीत ते वाचू लागले. वाचता वाचता बोट थांबले.

“काय झालं?”

“चूक झाली. माझी. सॉरो हा वेगळ्या कुळातला. दोघे दिसायला भावंडं, पण आई वेगळी. सॉरी आला सोअर या शब्दाच्या घरातून. सोअर म्हणजे जखम, ठणका. हजार वर्षांपूर्वी सॉरी म्हणजे ज्याला दुखतं आहे तो. अंगभर ठणकणारा. पुढे त्याचा अर्थ कीव असाही झाला, मग दीनवाणी अवस्था, मग क्षमा मागणं. आणि आता कानावर नीट नाही आलं तरी आपण सॉरी म्हणतो.”

“म्हणजे पहिले तो, जो बोलतो, त्यालाच दुखायचं? समोरच्याला नाही?”

“दोघांना दुखत असेल. पण शब्द बोलणाऱ्याच्या ठणक्याचा.”

ईशानीने ते टिपून घेतले. मग पेन गालाला लावून म्हणाली, “एक एक्झाम्पल रिअल लाइफमधलं पाहिजे. सर-आजोबा, तुम्ही असं दुखतं-दुखतं सॉरी लास्ट कधी म्हणालात? खरं-खरं.”

मास्तरांनी तोंड उघडले. हजारो सॉरी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. गाईची, सायकलीची, मांडूला वाट चुकलेल्या गोऱ्या प्रवाशांची. त्यांत ठणक्याचे एकही सापडेना. आणि शोधता शोधता एक असे सापडले, की त्याच्यात खरोखर जखम होती. ती फक्त दुसऱ्याची होती.

“उद्या सांगतो,” ते म्हणाले. पोर गेली. मास्तर शब्दकोश मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले.

पोतनिसांच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. पितळेचे दोन मुखवटे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गाल गुळगुळीत झालेले. घरची रीत अशी, की दोघी जावांनी त्यांना उंबऱ्यातून आत आणायचे. थोरल्या जावेच्या हाती थोरली, धाकटीच्या हाती धाकटी. अंगणापासून मखरापर्यंत कुंकवाची पावले. आतून कोणी विचारायचे, कोण आलं? दारातून उत्तर द्यायचे, महालक्ष्मी आली. कोणत्या पावलांनी? सोन्याच्या पावलांनी. ताट वाजवायचे, घंटा वाजवायची, आणि दोघींनी पावलाला पाऊल जोडीत आत यायचे. थोरली मास्तरांची पत्नी वासंती. धाकटी इरावती, त्यांच्या पाठच्या भावाची, नारायणरावांची बायको. नारायणराव देवासला बँकेत होते. दर वर्षी आवाहनाच्या आदल्या दिवशी इरावती देवासहून यायची, पदर खोचायची, आणि रात्रीपर्यंत घर तिच्या आवाजाने भरून जायचे.

मग नारायणराव गेले. बसल्या जागी, अचानक. ते वर्ष सुतकाचे. पुढच्या भाद्रपदात इरावती नेहमीसारखी आली. तिने ना काही विचारले, ना तिला कोणी काही सांगितले. न्हाऊन, सोवळे नेसून ती धाकटीचा मुखवटा दोन्ही हातांत घेऊन उंबऱ्यापाशी उभी राहिली. ओसरीवर शेजारच्या बायका दाटल्या होत्या. त्यांत कुजबुज उठली. सगळ्यांचे डोळे मास्तरांकडे वळले. घरातला मोठा पुरुष तो.

मास्तर उठले. पुढे झाले. अगदी हळुवारपणे, जणू झोपलेले मूल काढून घ्यावे तसा तो मुखवटा त्यांनी तिच्या हातांतून काढून घेतला.

“सॉरी, इरावती,” ते म्हणाले. “रूढी आहे.”

आणि त्यांनी तो उमाबाईंच्या हातात दिला. उमाबाईंनी घेतला. आतून प्रश्न आला, कोण आलं?

इरावतीचे हात काही वेळ तसेच राहिले होते, ओंजळ पसरलेली, मध्ये काही नाही. मग तिने ते पदरात पुसले. “असू दे, भाऊजी,” म्हणाली, आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन उद्याच्या पूजेचे पुरण वाटायला बसली. दुसऱ्या दिवशी जेवणाची पाने वाढली, आंबील वाढली, सगळ्यांना आग्रह केला. तिसऱ्या दिवशी देवी उठल्या, इरावतीही उठली. त्यानंतर ती धारला आली नाही. भाद्रपदात फोन यायचा, तब्येतीची चौकशी व्हायची, आणि दर वर्षी काही तरी कारण निघायचे.

वासंतीने त्या दिवशी नवऱ्याला एकच वाक्य ऐकवले होते. “मुखवटा देवीचा होता, तुम्ही चेहरा तिचा उतरवलात.” मास्तर म्हणाले होते, “अगं, पण मी किती नीट बोललो.” वासंती उठून आत गेली.

आता वासंतीही नव्हती. तिला जाऊन दोन वर्षे होऊन गेली होती. आणि मास्तरांच्या काळजात खरा काटा इथेच रुतला. गेल्या भाद्रपदात, बायको गेलेला हा माणूस, त्याच मखरापुढे, त्याच पाटावर पूजेला बसला होता. थोरली उमाबाईंनी आणली, धाकटी त्यांच्या सुनेने. मास्तरांनी पळीने पाणी सोडले, फुले वाहिली, आरती ओवाळली. बायका म्हणाल्या, बघा हो, एवढं दुःख पण निष्ठा सोडली नाही. कोणी पुढे आले नाही. पळी कोणी हातातून काढून घेतली नाही. कोणी म्हटले नाही, सॉरी मास्तर, रूढी आहे. तेव्हा त्यांना ते कळलेही नव्हते. आज कळले. एका नववीतल्या पोरीने गालाला पेन लावून विचारले, आणि त्या शब्दाची हजार वर्षांपूर्वीची आई त्यांच्या ओसरीवर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ईशानी आली तेव्हा ओसरीला कुलूप होते. मास्तर इंदूरला बस बदलून देवासला पोचले होते. खिशात कुंकू लावलेल्या अक्षतांची पुडी. समोर टेकडी. वर दोन माता, थोरली आणि धाकटी. लोक त्यांनाही बहिणीच म्हणतात, आणि एकीचे दर्शन घेऊन दुसरीला चुकवले तर ते दर्शन धरीत नाहीत. मास्तरांनी खालूनच मान वर केली आणि लगेच खाली घातली. वर जाण्याचे तोंड नव्हते.

इरावतीचे घर टेकडीच्या पायथ्याच्या गल्लीत. दारावर ‘साडी फॉल-पिको’ अशी पाटी. आत शिवणयंत्र चालू होते.

“कोण?”

“मी. धारहून.”

यंत्र थांबले. इरावती दारात आली. केस पांढरे झाले होते, पाठ मात्र ताठ. तिने आधी बादली पुढे केली. “पाय धुवा, भाऊजी. ऊन फार आहे. चहा टाकू?”

“नको... टाक.”

चहा झाला. कृतिका कशी आहे, इरावतीची लेक, ते विचारून झाले. बेंगळुरूला आहे, बरी आहे. मग बोलण्यासारखे सगळे संपले आणि जे बोलायचे ते मध्ये उरले.

“इरावती, मी सॉरी म्हणायला आलोय.”

“परत?” ती म्हणाली.

मास्तरांनी वर पाहिले.

“एकदा म्हणालात की. उंबऱ्यावर. चार बायका साक्षीला होत्या.”

“तेव्हा मी ते रीतीपोटी म्हणालो गं.”

“मग हीसुद्धा रीतच. भाद्रपद आला, मोठं माणूस घरी आलं, सॉरी म्हणालं. माझंही ठरलेलं आहे, असू दे भाऊजी. म्हणू? म्हणते. तुमची बस चुकायला नको.”

“तसं नाही. मला तुला सांगायचंय. हा जो शब्द आहे ना, त्याचं मूळ—”

“भाऊजी, शिकवू नका.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. चाळीस वर्षे वर्ग शांत करणारा तो आवाज आज खाली आला. जवळजवळ स्वतःशीच ते म्हणाले, “त्याचा अर्थ दुखतंय असा आहे. मला आता दुखतंय.”

“मग दुखू द्या. माझं मी कोणाला सांगत फिरले?” इरावतीने समोरची साडी उगीच घडी घालून पुन्हा मोडली. “मला काय लागलं, ठाऊक आहे? मुखवटा गेला, ते सोसलं असतं. आमच्या आईचा, आजीचा मान असाच गेला, माझाही गेला. पण तुम्ही इतकं गोड बोललात! ओरडला असतात तर मीही ओरडले असते. हात धरून ओढलं असतंत तर आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं रडले असते. तुम्ही सॉरी म्हणालात. सॉरीवर बाईनं काय बोलायचं? असू दे, एवढंच उरतं. आठ वर्षं मी ते ‘असू दे’ चघळतेय, गिळता येत नाही.”

मास्तरांची मान छातीला टेकली होती. मोकळ्या दारातून गल्लीतल्या पोरांचा आरडाओरडा आत येत होता.

“मी काय करू?”

“मला विचारता?” ती हसली, पण ते हसू नव्हते. “उंबऱ्यावर घेतलंत ना? जे काय सांगायचं ते उंबऱ्यावर सांगा. ज्यांच्या देखत घेतलंत त्यांच्या देखत. इथे बंद घरात, मला एकटीला, चहाबरोबर नको. मी तिथे असेन, नसेन. ते माझं मी बघेन.”

मास्तरांनी अक्षतांची पुडी पुढे केली. तिने हात पुढे केला नाही. त्यांनी ती शिवणयंत्राच्या फळीवर ठेवली, आणि परतीच्या वाटेला लागले. पुडी तिने उचलली की झाडून टाकली, हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता.

अनुराधा नक्षत्रावर आवाहन. पोतनिसांच्या ओसरीवर रांगोळी पडली, अंगणाच्या टोकापासून कुंकवाची पावले उमटली, तांदळाने भरलेल्या सुपात दोन्ही मुखवटे उंबऱ्याबाहेर मांडले गेले. उमाबाई जरीची साडी नेसून सगळ्यांच्या आधी हजर. त्यांच्या मागे सून, ईशानी, आळीतल्या बायका. त्यांतल्या बहुतेक आठ वर्षांपूर्वीही होत्या.

सून धाकटीच्या मुखवट्याकडे वाकली.

“थांब,” मास्तर म्हणाले. “तो नको उचलूस.”

“का हो?” उमाबाई म्हणाल्या. “मास्तर, अनुराधा काय तुमच्या शाळेची घंटा आहे, तुम्ही म्हणाल तोवर थांबायला? उचल गं.”

“उमाबाई, दोन शब्द बोलू द्या.”

“बोला, पण भाषण नको. नैवेद्य गार होतोय.”

बायका हसल्या. मास्तर उंबऱ्यावर उभे होते. ओठ हलले आणि सवयीने पहिला शब्द तोच आला. त्यांनी तो दातांखाली दाबला.

“ह्याच जागी,” ते म्हणाले, “मी इरावतीच्या हातातून देवी काढून घेतली. रूढी आहे म्हणालो. रूढी तेव्हा काही बोलली नव्हती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि मला तुमच्या नजरेची भीती वाटली. तेवढंच होतं ते. आणि गेल्या वर्षी माझी बायको गेलेली असताना मी त्या पाटावर बसलो. मला कोणी उठवलं नाही. मला स्वतःलाही उठावंसं वाटलं नाही. मी...” शब्द संपले. इंग्रजीत एम. ए. झालेल्या माणसाला कुठल्याही भाषेत पुढचे सापडेना. “मी लाज आणली ह्या घराला. देवीला मी आत बोलावत होतो, आणि लक्ष्मी मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेली. एवढंच.”

हसू केव्हाच थांबले होते. उमाबाईंनी नाकातली नथ चाचपली. “तुम्ही एकटे कसे?” त्या पुटपुटल्या. “घेतला कोणी? मी घेतला. दोन्ही हातांनी घेतला. मनात वाटलंसुद्धा, बरं झालं, मान मिळाला.” आणि त्या ओसरीच्या कडेला मटकन बसल्या. सून मागे सरली. थोरलीला उचलावे तर धाकटीवाचून ती आत येत नाही. दोघी सुपात, दारात, बायका ओसरीवर.

“आता?” कोणी तरी विचारले.

“आता काही नाही,” मास्तर म्हणाले. “आली तर आली.”

सावली ओसरीवरून अंगणात उतरली. कोणी उठून घरी जाऊन दिवा लावून आले. ईशानी दोनदा कोपऱ्यापर्यंत धावत जाऊन आली. मास्तर उंबऱ्याशी उभेच होते. बसा म्हटले तरी बसले नाहीत. एवढ्यात वळणावर रिक्षा थांबली.

इरावती उतरली. हातात एक पिशवी. ती अंगणाच्या टोकाशी उभी राहिली, पुढे आली नाही. ईशानी तांब्या घेऊन धावली आणि तिच्या पायांवर पाणी घातले. पाण्याबरोबर कुंकवाचे एक पाऊल थोडे फिसकटले.

“इंदूरला बस उशिरा मिळाली,” इरावती म्हणाली. कोणाला उद्देशून, ते कळले नाही. मग उमाबाईंकडे पाहून तिने विचारले, “सांगून झालं?”

“झालं,” उमाबाई म्हणाल्या.

“सगळं?”

“सगळं. माझंही.”

इरावतीने मान हलवली. काय सांगितले, ते तिने विचारले नाही. पिशवीतून सोवळे काढले, मागे जाऊन नेसून आली, आणि उंबऱ्यापाशी नेमकी त्याच जागी उभी राहिली. हात पुढे केले.

“द्या, भाऊजी,” ती म्हणाली. “ज्या हातांनी घेतलंत, त्याच हातांनी द्या.”

मास्तर सुपाशी वाकले. पितळेचा तो चेहरा त्यांनी उचलला. आठ वर्षांपूर्वी तो हलका होता. आज त्यांना दोन्ही हात लावूनही पेलेना. त्यांनी तो तिच्या ओंजळीत ठेवला. तिने तो छातीशी धरला, एकदा त्याच्या गालावरून अंगठा फिरवला, आणि मास्तरांकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. माफीही नव्हती. आठ वर्षे चघळलेला तो शब्द, असू दे, तिने आज उच्चारला नाही.

उमाबाईंनी थोरलीला उचलले. आत ईशानीने ताट वाजवले आणि घशाच्या शिरा ताणून विचारले, “कोण आलं?”

“महालक्ष्मी आली,” उमाबाई म्हणाल्या. एक श्वास मध्ये गेला. मग दुसरा आवाज उठला, जाडसर, न वापरल्यासारखा. “महालक्ष्मी आली.”

“कोणत्या पावलांनी?”

दोघी आत गेल्या. बायका त्यांच्या मागे गेल्या, घंटा वाजू लागली, सगळे घर भरले. उमाशंकर मास्तर दाराबाहेर राहिले. त्यांचे दोन्ही हात अजून पुढे होते, ओंजळ पसरलेली, मध्ये काही नाही. ते हात खाली घ्यावेत हे त्यांच्या लक्षात येत होते. पण एक बाई ह्याच जागी, हेच रिकामे हात घेऊन, किती वेळ उभी राहिली असेल, ते त्यांना एकदा मोजून पाहायचे होते. ते उभे राहिले. आतून आरतीसाठी हाक आली, तरी थोडा वेळ ते उभेच राहिले.